मूठभर पिस्त्यांचा वसा

ऐका अन्नपूर्णामाई, तुमची कहाणी. बायांनो, चुळबूळ करू नका. चुळबुळीचीच ही गोष्ट आहे.

आटपाट नगराच्या पेठेत एक मेव्याचा व्यापारी होता. घरात पिस्ते, बदाम, अक्रोड यांची पोती. त्याला आई होती, मथू नावाची बायको होती. मथूनं दिवसभर पिस्ते सोलावे, अक्रोड फोडावे, आणि ते करताना मोठ्यानं ओव्या म्हणाव्या, असा सासूचा दंडक. तोंडात ओवी असली म्हणजे पिस्ता जात नाही. ओवी थांबली, की सासू दारात हजर. मेवा देवाचा, मेवा पाव्हण्याचा, मेवा पुरुषांचा. सुनेला कण्यांची पेज.

मथूला तान्ही लेक होती. काही दिवस लोटले, मथूच्या जिवाचा थारा गेला. बसली तर उठावंसं वाटे, उठली तर भोवळ येई. मग दूध आटलं. लेक किंचाळे, मथू तिला घेऊन घरभर येरझाऱ्या घाली. एके दुपारी दारी एक म्हातारी आली.

"बाई बाई, अशी भिरभिरतेस का ग?"

"आजी, दूध नाही. लेक जगते की नाही, कळत नाही."

"मग वसा घे. रोज एक मूठ मेवा खावा. दुसरी मूठ भरू नये, मीठसाखर लावू नये, बसून सावकाश चावावा."

"घेते, आजी. उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

पहिल्या दिवशी मथूनं मूठ भरली. नवरा उन्हातून आला, त्याला दिली. दुसऱ्या दिवशी मूठ भरली. पाव्हणे आले, त्यांना दिली. तिसऱ्या दिवशी मूठ भरली, देवापुढं ठेवली. आपल्याला पुण्य लागलं, असं तिला वाटलं. आपली बायकांची जातच मेली अशी! चौथ्या दिवशी लेकीचं रडणं बारीक झालं. मग नुसतं तोंड हलू लागलं.

म्हातारी पुन्हा आली. डोळे लाल.

"वसा कुणाला दिला होता ग? मी अन्नपूर्णा. माझं पोट भरलेलं आहे, मला नैवेद्य कशाला? तुझं पोट रितं आहे, ते मला सलतं." असं बोलून ती दिसेनाशी झाली.

मथूनं मूठ भरली. मग पाटावर बसली. ओवी थांबवली, तोंडात पिस्ता टाकला. सासू धावत आली.

"मारा, बोला," मथू म्हणाली, "पण मूठ संपल्याशिवाय उठायची नाही. माझी लेक हातची चाललीय."

एक पिस्ता खाल्ला, एक बदाम खाल्ला, अक्रोड खाल्ला. सासू बघतच राहिली. मग तिच्यासमोर खाली बसली.

"मथू, ह्याची चव कशी असते ग?"

चाळीस वर्षं मेव्याच्या घरात काढली, आणि सासूला ठाऊक नव्हतं! मथूच्या डोळ्यांत पाणी आलं. हात पुढं होऊ लागला. तिनं तो मागं घेतला.

"सासूबाई, तुमची मूठ तुम्ही भरा. माझी मी देत नाही."

सासूनं पोत्यात हात घातला. दात नव्हते, मथूनं खलबत्त्यात कुटून दिलं. दोघी शेजारी बसून खात्या झाल्या. रोज एक मूठ, रोज बसून. मथूच्या अंगात जोम आला, जीव ठिकाणावर आला, दूध उतरलं. लेक पोटभर प्याली आणि गाढ झोपली.

जशी अन्नपूर्णा मथूला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. साठा उत्तरांची ही कहाणी पाच घासांत सुफळ संपूर्ण. आता मेव्याची वाटी फिरेल. प्रसाद पदरात बांधून घरच्यांसाठी नेऊ नका. इथंच बसा आणि खा.