बोडक्या टेकडीवरचा हौद

नवाब सरबुलंदखानांनी बोडक्या टेकडीवर मशीद बांधली आणि तिच्यापुढे वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, हौद बांधला, तोही एवढा मोठा की म्हैस आरामात डुंबावी. राहिलं होतं फक्त पाणी! नदी दोन कोस खाली, टेकडीवर विहिरीला पाणी लागत नव्हतं, आणि हे हुजुरांना आधी सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. एकदा ते बोलले की बोलले. मग सूर्यानं हवं तर पश्चिमेला उगवावं, नवाब शब्द मागे घ्यायचे नाहीत.

शनिवारी त्यांनी बुढणभाई पखाल्याला बोलावलं. बैलाच्या पाठीवर कातड्याची पखाल लादून महालाला पाणी घालायचं, हा त्याचा धंदा. घरात तो, त्याची मुलगी रहिमतबी आणि म्हातारा बैल पैलवान. नाव पैलवान खरं, पण आता बसलेलं उठायचं तरी तो दोनदा विचार करी. नवाबांनी हुकूम सोडला की येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारच्या नमाजाआधी, हौद काठोकाठ भरलेला पाहिजे. नाही भरला तर बैल निकामी समजून कसायाकडे जाईल.

मंगळवारी चढावरच्या तिसऱ्या वळणावर पैलवानानं गुडघे टेकले. पाठ सोलून निघाली होती. बुढणभाई चाबूक हातात धरून नुसताच रडत उभा राहिला. आयुष्यात तो चाबूक त्यानं माशा हाकलायलाच वापरला होता. रहिमतबीनं पखालीचं तोंड सोडलं, सगळं पाणी बैलाला पाजलं, पाठीला हळद-तेल लावलं आणि तशीच तडक दरबारात गेली.

बैल आता पखाल वाहणार नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं. दरबार गारठला. नवाबांच्या भुवया पगडीला जाऊन टेकल्या. ते काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "हुजुरांना हौद भरायचाय, का वेळेवर नमाजाला उभं राहायचंय?"

"हौद काय मला चाटायचाय?" नवाब गरजले. "अजान संपायच्या आत मी टेकडीवर नमाजाला तयार असलो पाहिजे. ते कसं करायचं, ते तू बघ. आणि ‘हुजूर, घरूनच वजू करून निघा’ असलं शहाणपण मला शिकवायचं नाही. जे व्हायचं ते वरच झालं पाहिजे."

"झालं तर बैल सुटला?"

"सुटला. काझीसाहेब, तुम्ही साक्षीला."

काझी सिराजोद्दीन यांनी मान हलवली. मनात त्यांनी त्या गरीब बैलासाठी दुआही मागून घेतली.

जुम्मा उजाडला. ऊन असं की दगडावर भाकरी भाजावी. मानकरी मंडळी हुशार, ती गुपचूप घरूनच वजू करून आली होती. नवाब मात्र नेहमीप्रमाणे घोडा भरधाव सोडून चढ चढले. शबरंग हा त्यांचा जीव की प्राण. वर पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता आणि बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारानं पाणी बरोबर घेतलंच नव्हतं. वर एवढा मोठा हौद आहे, मग ओझं कशाला?

हौदात पाण्याऐवजी पालापाचोळा होता. काठावर रहिमतबी उभी होती. तिच्या खांद्यावर पाण्याची एक चिमुकली कातडी मशक होती, फार तर दोन तांब्यांची.

"एवढंच? चालेल. वजूपुरतं होईल," म्हणत नवाबांनी बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात पाण्याच्या वासानं शबरंगनं मान लांब केली आणि मशकेला तोंड लावलं. रहिमतबीनं मशक मागे घेतली नाही. तिनं काझींना विचारलं, "काझीसाहेब, पाणी एवढंच आहे. नदी दोन कोसांवर. जनावर तहानेनं कासावीस झालंय. पाणी वजूला द्यायचं, का ह्याला?"

काझी खाकरले. त्यांनी नवाबांकडे पाहिलं, मग घोड्याकडे पाहिलं. "जनावराला," ते म्हणाले. "मुक्या जिवाची तहान आधी. त्याचा हक्क मोडून केलेली वजू खुदाला काय तोंडानं दाखवायची?"

"अर्धं त्याला, अर्धं मला!" नवाब म्हणाले.

"हुजूर, अर्ध्यात त्याची तहान भागेल?" रहिमतबीनं विचारलं.

नवाबांनी शबरंगकडे पाहिलं. घोड्याची जीभ बाहेर आली होती. लढाईत ह्याच घोड्यानं त्यांना दोनदा वाचवलं होतं. "पाज सगळं," ते पुटपुटले. घोड्यानं घटाघटा मशक रिकामी केली. इकडे मशिदीतून अजान सुरू झाली.

"आता माझ्या नमाजाचं काय?" नवाब ओरडले.

काझी शांतपणे म्हणाले, "पाणी नसेल तिथं पाक, स्वच्छ माती चालते, हुजूर. तयम्मुम करा."

मग सगळ्या मानकऱ्यांदेखत, जरीच्या बाह्या वर करून, नवाब सरबुलंदखानांनी बोडक्या टेकडीच्या मातीवर तळवे टेकले, तोंडावरून फिरवले, हातांवरून फिरवले. अजान संपली तेव्हा ते तयार होते! नमाज झाली. बाहेर येताच त्यांनी पहिल्यांदा रहिमतबीला गाठलं.

"मी तयार झालो, कबूल. पण तू केलंस काय? पाणी माझा घोडा प्यायला, आणि माती तर इथलीच!"

"तेच तर, हुजूर. माती वर आणायला बैल लागत नाही."

मग नवाबांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे खदाखदा हसले की पगडी सुटून हौदात पडली. पैलवान तर सुटलाच, वर त्याला जन्मभराची वैरण मिळाली. बुढणभाईला नदीकाठचं शेत मिळालं. तुला काय हवं, असं नवाबांनी रहिमतबीला विचारलं.

"दुसरा हौद बांधा, नदीजवळ. आणि काठ इतका बुटका ठेवा की जनावराचं तोंड पाण्याला पोचेल."

"बांधला समज. आणि पहिलं पाणी तुझा पैलवान पिईल, मग मी वजू करीन. काझीसाहेब, बैलाच्या उष्ट्या पाण्यानं चालते ना?"

ह्या वेळी काझी खाकरले नाहीत. "बैलाच्या चालते, हुजूर," ते म्हणाले, "माणसानं आधी त्याला पिऊ दिलं म्हणजे झालं."