लाखभर खोटे खेळाडू

नाशिकच्या एका कंपनीनं विटीदांडूचा ऑनलाइन खेळ तयार केला. तो तपासायचं काम वृंदा तांडेलकडे होतं. खेळ बाजारात आणायच्या आधी भर बैठकीत ती मालकांना म्हणाली, "मिराशीसाहेब, क्लाउडवरचे सर्व्हर भाड्यानं घेऊ आणि तिथून लाखभर खोटे खेळाडू, म्हणजे माणसांसारखे खेळणारे प्रोग्रॅम, एकदम खेळात सोडून बघू."

साहेब खो खो हसले. "खोटे कशाला? ऑफिसात आपण सगळे रोज खेळतोय, कुठे अडलंय? अगं, माझ्याकडे दिवसभर माणसं प्रश्न घेऊन येतात. मी कधी अडलो?"

वृंदाला हेच हवं होतं. ती सगळ्यांकडे वळली. "मंडळी, साहेबांना काय विचारायचंय ते आत्ता विचारा. सगळ्यांनी एकदम!"

रजा, पगारवाढ, बंद पडलेला एसी... खोली नुसती दणाणली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. "अरे, एकेकानं बोला!"

गलका थांबला.

"आम्ही तुमची माणसं, म्हणून थांबलो," वृंदा म्हणाली. "पहिल्या दिवशी लाखभर पोरं खेळायला धावतील. त्यांना एकेकानं या म्हणून कोण सांगणार?"

सर्व्हर त्याच दिवशी घेतले. खोट्या खेळाडूंनी खेळ दोनदा आडवा केला आणि दोन्ही वेळा त्यातली खोट दुरुस्त झाली, म्हणूनच खरे आले तेव्हा तो उभा होता.