चौथ्या गिअरमधला घाट

"मग आता बदलायचं राहिलं काय?" तेंडोलकर सरांनी विचारलं.

यासीन उस्ताद उठले. मोटरसायकलभोवती एक फेरी मारून ते पुन्हा स्टुलावर बसले.

फोंडा घाटाच्या पायथ्याशी उस्तादांचं गॅरेज. तेंडोलकर सर पॉलिटेक्निकात एकोणीस वर्षं इंजिन हाच विषय शिकवत होते. पण त्यांची स्वतःची जुनी मोटरसायकल घाटाला लागली की इंजिनातून आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा. गेल्या मे महिन्यात त्यापायी पिस्टनला भोक पडलं, आणि सर व त्यांच्या पत्नी सरोजताई अर्धा दिवस घाटात बसून राहिले.

आज राधानगरीला सरोजताईंच्या भावाची वास्तुशांत होती. आवाज थांबला नाही तर मी एसटीने जाईन, असं त्यांनी घरूनच सांगितलं होतं. आहेराची पिशवी मांडीवर घेऊन त्या गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या.

"याला नॉकिंग म्हणतात," सर म्हणाले. "पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपण पेटतं. मी पेट्रोल भरायचा पंप बदलला, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, हेड उघडून काजळी खरवडली."

"कोणी?"

"मी स्वतः."

"हं…"

उस्ताद बाकाकडे वळले. "ताई, आवाज कधी येतो?"

"तिला इंजिनातलं काही कळत नाही," सर म्हणाले.

उस्ताद ताईंकडेच बघत राहिले.

"ह्यांना हट्ट चढला की येतो," सरोजताई म्हणाल्या.

"चढ लागला की, असं म्हणायचंय तिला."

"नाही," ताई म्हणाल्या.

सर घड्याळ बघू लागले. "उस्ताद, मला फक्त हा आवाज बंद करून हवाय. बाकी थिअरी मला ठाऊक आहे."

उस्ताद उठले. कपाटातून कापूस काढून त्याचे दोन बोळे केले आणि सरांच्या तळहातावर ठेवले.

"हे काय?"

"कानात घाला."

"…आणि पिस्टन?"

"पिस्टनचं तुम्ही आत्ता म्हणालात. आधी आवाज म्हणाला होतात." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. "चला. तुम्ही चालवा, मी मागे बसतो."

पहिल्या वळणापर्यंत गाडी गुमान गेली. मग चढ आला, वेग उतरला, आणि खडे खुळखुळू लागले.

"ऐकलंत?" सर म्हणाले, काहीशा विजयाने.

"थांबवा."

उस्तादांनी बाजूचं झाकण उघडलं. ठिणगीची वेळ ठरवणारी चकती आतल्या खुणेपासून सरकलेली होती.

"ही पुढे कोणी केली?"

सर दरीकडे बघत राहिले.

"…मीच. थोडीशी. चढाला ताकद कमी पडत होती."

उस्तादांनी चकती खुणेवर आणून घट्ट केली, झाकण लावलं आणि मागे बसले. "चला."

आवाज कमी झाला, पण गेला नाही. दुसऱ्या वळणावर गाडी दमून गचके द्यायला लागली. दुधाचा एक टेम्पो त्यांना मागे टाकून गेला. टेम्पोवाल्याने आरशातून पाहिलं. सरांनी दात आवळून मूठ आणखी पिळली.

"क्लच दाबा," उस्ताद म्हणाले.

सरांनी सवयीने क्लच दाबला. उस्तादांनी मागून आपला पाय लांब केला, चपलेसकट सरांच्या बुटावर ठेवला आणि गिअर खाली घेतला. एकदा… पुन्हा एकदा.

"सोडा."

गाडी उचलली गेली. खडे थांबले. कडेच्या ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. पुढच्या वळणावर त्यांनी टेम्पो गाठला आणि मागे टाकला.

वर पोचल्यावर सरांनी गाडी उभी केली.

"दुसऱ्या गिअरमध्ये कोणीही चढेल," ते म्हणाले.

"हो."

"मी हा घाट चौथ्यात चढतो, उस्ताद. आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे."

"गाडीला कोणी कळवलेलं दिसत नाही."

सरांनी गाडीकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, आधी बारीक, मग आवरेना. उस्ताद मात्र हसले नाहीत. ते इंजिनाजवळ हात धरून ते किती तापलंय हे बघत होते.

ते खाली परतले तेव्हा सरोजताई पिशवी घेऊन स्टँडकडे निघण्याच्या बेतात होत्या.

"मिळालं का कारण?" त्यांनी विचारलं.

"मिळालं," सर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "गिअर खाली घ्यायला हवा होता."

"तीन वर्षं मी दुसरं काय सांगत होते?"

सर पुढे झाले. त्यांनी ताईंच्या हातातली पिशवी घेतली आणि हँडलला अडकवली. ताई क्षणभर एसटीच्या रस्त्याकडे बघत राहिल्या… मग पदर खोचून मागे बसल्या.

सरांनी किक मारली. निघता निघता त्यांनी मान वळवली.

"उस्ताद, पुन्हा कधी आवाज आला तर?"

उस्ताद स्टुलावर बसले.

"आला तर ऐका," ते मागे बसलेल्या ताईंकडे बघत म्हणाले. "ती बोलायचीच थांबली, तर मग माझ्याकडे आणून उपयोग नाही."