एकच हाक

"पण बुवा, वाजवून वाजवून दार उघडतच नसेल, तर माणसाने करायचं तरी काय?"

हंसगीर बुवा मठाच्या ओट्यावर बसून झोळीला टाका घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचं दार?"

"तात्यांचं. दुसऱ्या कुणाचं!"

विचारणारा डॉक्टर सुहास खडतरे. याच ओट्यावर बुवांनी त्याच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. आता तो पुण्यात मधुमेहावर संशोधन करत होता. कुठलं जनुक घराण्यात रोग आणतं, कुठली पेशी आधी खचते, हे सांगायला त्याला परदेशातून बोलावणी यायची. माणूस हुशार, खोटं कशाला बोला. पण आपण हुशार आहोत हे तो झोपेतही विसरत नसे.

त्याचे वडील निवृत्ती तात्या जन्मभर लाइनमन. वाऱ्यापावसात खांबावर चढून त्यांनी आसपासच्या गावांना उजेड दिला. आता त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. सर्जनने पाच दिवसांची मुदत दिली होती. उद्या संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्याखाली कापला नाही तर विष रक्तात भिनेल, मग माणूस हाती लागायचा नाही.

हे ऐकल्यापासून तात्यांनी घराला आतून कडी घातली होती. त्याला चार दिवस झाले. शेजारीण खिडकीतून चहा-भाकरी देई, तेवढी घेत. लेकाचा आवाज आला की खिडकीही बंद.

"तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तुम्ही नुसतं फर्मान काढा."

"मी काय फर्मान काढू बाबा? मला रोगच कळत नाही." बुवांनी दाताने दोरा तोडला. "तूच सांग. शरीरात नेमकं बिघडतं काय?"

सुहासचा चेहरा उजळला. हा त्याचा प्रांत होता.

"पेशी म्हणजे एक घर समजा. साखर म्हणजे शिधा. शिधा दारापर्यंत येतो, पण दार आपोआप उघडत नाही. इन्शुलिन येऊन कडी वाजवतं, तेव्हा उघडतं."

"बरं."

"घर शिध्याने गच्च भरलं की पेशी दार उघडेनाशी होते. मग शरीर आणखी इन्शुलिन पाठवतं. आणखी. दिवसरात्र खडखडाट. शेवटी पेशी काय करते माहितीये? दारावरच्या कड्याच काढून आत घेते."

"अरेच्चा! म्हणजे बहिरी होते म्हण."

"तसंच. आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी बिचाऱ्या राबतच राहतात. राबून राबून मरतात."

"वाजवणाराच मरतो?"

"हो. काहींच्या घराण्यात लवकर मरतो. ते जनुकात असतं. आमच्या घराण्यात आहे."

बुवा सुई दोऱ्याच्या रिळात खोचत होते. त्यांचा हात थांबला.

"आणि त्या बहिऱ्या पेशीला पुन्हा ऐकू येतं?"

"कधीकधी. शिधा कमी करायचा, अंगाला चालवायचं. वाजवणं कमी झालं, थोडी शांतता मिळाली, की कड्या हळूहळू परत बाहेर येतात."

"हं… आणि तात्याच्या दारावर तू किती वेळा थाप मारलीस?"

"किती म्हणजे? चार दिवस मारतोय! सकाळ नाही, दुपार नाही. रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवले. किती टक्के माणसं दगावतात तेही सांगितलं. काल तर दगड घेऊन कडी…"

तो बोलता बोलता थांबला.

झाडावर एक होला घुमत होता.

"बुवा," सुहास हळू आवाजात म्हणाला, "आजोबांचा पाय गेला. आता तात्यांचा. मी स्वतःचं रक्त तपासलंय, माझ्यातही तेच आहे. ती काळी बोटं बघितली ना, मला ती माझीच दिसली. मला फार भीती वाटते."

बुवा उठले. झोळी त्यांनी सुहासच्या खांद्याला अडकवली.

"चल. भिक्षेची वेळ झाली."

"आत्ता? बुवा, इथे एकेक तास मोलाचा आहे हो!"

"वाटेत तात्याचं घर लागतं. रोज तिथे भाकरी मिळायची. चार दिवस मी तिथून रिकामा उठतोय."

या मठाची भिक्षेची रीत वेगळी. दारात एकच हाक द्यायची. मग दाराकडे पाठ करून पायरीवर बसायचं आणि मनातल्या मनात पाच अभंग म्हणायचे. तोवर कुणी आलं तर घ्यायचं, नाही आलं तर मुकाट्याने उठायचं. दुसरी हाक नाही, मागे वळून बघणं नाही. लहानपणी सुहासला हे पाठ होतं.

पहिल्या घरी मूठभर ज्वारीचं पीठ मिळालं.

दुसऱ्या घरी हाक देऊन दोघे पायरीवर बसले. एक अभंग झाला, दोन झाले. सुहासने घड्याळ पाहिलं. तिसऱ्याला त्याला राहवलं नाही. तो वळला आणि ओरडला, "अहो, आहे का कुणी घरात?"

दार उघडलं. एक बाई पदर सावरत उंबऱ्यात आली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिला बुवांकडे बघवेना.

"बुवा… पिठाचा डबा आजच… माफ करा…"

बुवांनी खाली वाकून हात जोडले. झोळीतलं सगळं पीठ तिच्या उंबऱ्यावरच्या सुपात रिकामं केलं आणि काही न बोलता चालू लागले.

कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "घरात काही नाही, हे तिने गप्प राहून झाकलं होतं. तू ते चव्हाट्यावर आणलंस."

सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरं घर तात्यांचं. दारावर कडीपाशी दगडाचे ताजे पांढरे ओरखडे होते. सुहासने ते पाहिले आणि नजर वळवली.

"हाक तू दे," बुवा म्हणाले.

"काय म्हणू?"

"रोज काय म्हणायचास शाळेतून आल्यावर?"

सुहासने खांद्यावरची झोळी सावरली.

"तात्या… मी आलोय."

दोघे दाराकडे पाठ करून बसले. सुहासच्या मांडीवर रिकामी झोळी. खिशात रिपोर्टची घडी.

एक अभंग झाला.

दुसरा…

आत काहीतरी सरकलं. बाज करकरली. सुहासने पायरीची कड घट्ट धरली, पण वळला नाही.

चौथा…

"आज ओरडत नाहीस?" दारामागून आवाज आला. अगदी जवळून. तात्या दाराला टेकून खाली बसले असावेत.

सुहास गप्प राहिला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"माझ्या बापाचा पाय कापायला डॉक्टरला हो मीच म्हटलं होतं," तात्या म्हणाले. "तो नको नको म्हणत होता. मीच आडदांडासारखा धरून नेला. नऊ दिवस जगला. नऊ दिवस मला एकच विचारत होता. निवृत्ती, माझा पाय कुठं ठेवलास रे?… मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला."



"हे मी कुणाशी बोललो नाही. तुझ्या आईशीसुद्धा."

सुहासच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण जिभेवर उत्तरं धावून आली, जन्माची सवय. आजोबांचा काळ वेगळा होता, तेव्हा ही औषधं नव्हती, आता भूल वेगळी, जखम वेगळी भरते, शंभरातले इतके वाचतात… एकूण एक खरी उत्तरं. त्याचा हात खिशातल्या रिपोर्टकडे गेला.

मागे आतली कडी निघाली. दार करकरत फटीएवढं उघडलं.

सुहास ताडकन उठू लागला. बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस. तात्या द्यायला आलाय. झोळी पसर."