कोल्ह्याने लपवलेल्या पिवळ्या ओळी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक कोल्हा आणि एक म्हातारी साळू राहत असत. साळू म्हणजे अंगभर काटे असलेले साळिंदर, हे शहरातल्या मुलांसाठी सांगून ठेवते. त्या जंगलाला उन्हाळ्यात वणव्याची फार भीती. म्हणून झाडांवर धूर ओळखणाऱ्या पेट्या बसवल्या होत्या. धूर आला की कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम वडावरची घंटा वाजवी आणि सगळे ओढ्याकडे पळत. पूर्वेच्या उताराचा प्रोग्राम कोल्हा सांभाळी, पश्चिमेचा साळू. कोल्ह्याचे बीळही पूर्वेलाच होते, वाळक्या गवतात. आत कोल्हीण आणि तीन तान्ही पिल्ले. वणवा आलाच तर एकेक पिल्लू तोंडात धरून न्यावे लागणार, आणि त्याला वेळ लागणार, हे कोल्ह्याला चांगले ठाऊक होते.

आता मुलांनो, प्रोग्राम नुसता लिहून चालत नाही. त्याचे तुकडे जोडावे लागतात आणि ते जोडणाऱ्या साधनाला बिल्ड टूल म्हणतात. होळीच्या सुमारास त्या टूलची नवी आवृत्ती आली. दोघांनी ती घेतली आणि आपापला प्रोग्राम जोडून पाहिला. खाली हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असे आले, पण वर पिवळ्या ओळींची रांग लागली होती : 'ही आज्ञा जुनी झाली आहे. पुढच्या आवृत्तीत चालणार नाही.' साळूकडे अशा एक्केचाळीस ओळी होत्या, कोल्ह्याकडे सदतीस.

"खाली हिरवं आलंय ना, मावशी? मग झालं तर!" कोल्हा म्हणाला. त्याने टूलमधला एक खटका असा दाबला की पिवळ्या ओळी दिसेनाशाच झाल्या. पडदा लख्ख झाला आणि कोल्हा घरी जाऊन पिल्लांना चाटत बसला. हुशार म्हणवणारे असेच करतात, मला त्यांचा मनस्वी राग येतो.

साळू मात्र तिथेच बसून राहिली. एक जुनी आज्ञा काढायची, तिच्या जागी नवी घालायची, प्रोग्राम पुन्हा जोडायचा, चालतो का ते पाहायचे, मग पुढची ओळ. एकोणिसाव्या ओळीला ती चुकली. भर दुपारी घंटा उगीचच घणघणली आणि सारे जंगल ओढ्याकडे धावले. "चालू कामात कशाला हात घालता, आजी?" ससा धापा टाकत ओरडला. सगळ्यात जास्त हसला कोल्हा. साळूला रडू आले, पण डोळे पुसून तिने चूक शोधली आणि विसावी ओळ हाती घेतली. अशा तिने एक्केचाळीसही ओळी पुऱ्या केल्या.

तीन आठवड्यांनी वाऱ्याने पूर्वेची पेटी पडून फुटली. कोल्ह्याने नवी पेटी बसवली, पण जुना प्रोग्राम तिला ओळखेना. तो पुन्हा जोडल्याशिवाय पूर्वेचा धूर कुणालाच कळणार नव्हता. आणि नेमकी त्याच सकाळी टूलची पुढची आवृत्ती आपोआप आली होती. कोल्ह्याने प्रोग्राम जोडायला घेतला. पडद्यावर लाल अक्षरे आली : 'अशी आज्ञा नाही.' त्याने ती दुरुस्त केली, तर दुसरी अडली. दुसरी केली, तर तिसरी. अशा अजून किती राहिल्यात, ते त्याला आठवेना. आठवणार कसे? त्याने त्या वाचल्याच नव्हत्या. बाहेर ऊन रणरणत होते आणि वारा पूर्वेचा होता.

"मावशी, माझं काही चालत नाही हो! पिल्लं तिकडं आहेत!" तो साळूकडे धावत आला.

"रडू नको. तुझी पेटी माझ्या प्रोग्रामला जोडू," साळू म्हणाली. तिने ओळी लिहिल्या आणि टूल सुरू केले. दोघे पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर ना लाल आले, ना पिवळे. शेवटी हिरवे 'यशस्वी' उमटले आणि त्याच क्षणी घंटा घणघणली.

"मावशी, पुन्हा चुकलात का?"

"नाही रे. ही खरी आहे. पळ!"

कोल्हा जिवाच्या आकांताने धावला. घंटा ऐकून कोल्हिणीने दोन पिल्ले ओढ्याशी पोचवली होती. तिसरे बिळात एकटेच कुईकुई करत होते आणि ज्वाळा समोरच्या गवताला लागल्या होत्या. त्याने पिल्लू तोंडात धरून उडी घेतली. शेपटी होरपळली, बीळ जळून गेले, पण तिन्ही पिल्ले वाचली.

संध्याकाळी ओढ्याच्या पाण्यात शेपटी बुडवून बसलेल्या कोल्ह्याने विचारले, "मावशी, कुठल्या ओळी अडणार ते तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय?" साळू म्हणाली. "टूलनंच सांगितलं होतं. तुलाही सांगितलं होतं, सदतीस वेळा."

तात्पर्य : इशारा डोळ्यांआड केला म्हणून संकट टळत नाही; काम सुरळीत चालू असते तेव्हाच तो ऐकून दुरुस्ती करून ठेवावी.