वीणेचा दुसरा पहारा

“...तर मग माझ्याकडून कुठे उणे राहिले, एवढे तरी सांगा.”

श्रीपती मास्तर हे म्हणाले तेव्हा मठाचे राघोबुवा पूजेसाठी तुळशीच्या मंजिऱ्या निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी टाळ घेऊन जवळच बसलो होतो.

सिंदफणेच्या काठच्या आमच्या मठात तो सप्ताहाचा पाचवा दिवस होता. आता तिथे फरशीचे सभागृह झाले आहे, पंखे आहेत. त्या काळी गोणपाटाचा मांडव असे, शेणाने सारवलेली जमीन असे, आणि दुपारी नदीवरून ओल्या वाळूचा वास येई. एकटा नाम घेत बसलो की तो वास मला अजून येतो.

मास्तर म्हणाले, “नित्यनेम कधी चुकला नाही. एकादशी मोडली नाही. शाळेत साठ मुले माझ्या नुसत्या नजरेने गप्प बसतात. आणि माझ्याच पोटची वैजयंती...”

त्यांची नऊ वर्षांची वैजयंती त्या क्षणी मांडवाच्या खांबावर चढत होती. खाली तिची आई, कौसल्याबाई, दोन्ही हात पसरून उभ्या होत्या.

“शहरातले डॉक्टर काय म्हणाले?” बुवांनी विचारले.

“चार इंग्रजी अक्षरे लिहून दिली. चित्त एका जागी ठरत नाही, अंग ठरत नाही. मेंदूची घडणच तशी आहे, यात कुणाचा दोष नाही, म्हणाले. औषध चालू आहे. पण लोकांना ती अक्षरे कशी सांगणार? लोक म्हणतात, मास्तरच्या घरातच शिस्त नाही.”

“लोक राहू देत.”



“परवा मी तिच्यावर हात उगारला, बुवा.”

“लागला?”

“ती हसली. घाबरून हसली असेल... पण हसली. म्हणून मी पुन्हा मारले.”

बुवांच्या बोटांतली मंजिरी तशीच राहिली.

“आता घरी परतायची भीती वाटते,” मास्तर म्हणाले. “तिची नव्हे, या उजव्या हाताची. राग मरून जाईल असे एखादे कडक व्रत सांगा. उपवास सांगा, मौन सांगा. मी मोडणार नाही.”

“तिला कोण पाहते?”

“मी शाळेत असलो की ही. मी आलो की मी.”

“आणखी?”

“आणखी कोण?”

कौसल्याबाई मुलीला खांबावरून उतरवून घेत होत्या. तशाच वळून म्हणाल्या, “सहा वर्षांत आम्ही दोघं एका पंगतीला बसलो नाही, बुवा. लग्नाला एक जातो, एक घरी राहतो. माझी जाऊ विचारते, तुमचा अबोला आहे का गं?”

आणि त्या हसल्या. ते हसू ऐकून मला माझ्या हातातले टाळ उगाच जड वाटले.

“आपले ओझे लोकांवर का घालावे?” मास्तर म्हणाले. “आणि घातले तरी ते सांभाळणार नाहीत. हसतील तिला.”

बुवा म्हणाले, “दोन वाजता तुझा पहारा आहे. वीणा घे.”

“एक नव्हे, सलग दोन पहारे उभा राहीन.”

बुवा पुन्हा मंजिऱ्या निवडू लागले.

आमच्या सप्ताहाची रीत अशी. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही, आणि नाम थांबू द्यायचे नाही. दोन-दोन तासांचा एक पहारा. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, वीणा गळ्यात असलेल्याच्या पायांवर डोके ठेवतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती ज्याच्या गळ्यात असते त्याने नामावाचून दुसरा शब्द उच्चारायचा नाही, जागा सोडायची नाही.

मास्तर दोन वाजता उभे राहिले. सूर शुद्ध, ठेका अचूक. पण डोळे मिटलेले नव्हते. ते मुलीमागे फिरत होते.

वैजयंती मांडवात आली, टाळकऱ्यांच्या रांगेतून पळाली, आणि बुक्क्याचे तबक तिच्या पायाने उलटले. काळी भुकटी सगळीकडे उडाली. तिच्या फ्रॉकवर, माझ्या धोतरावर. एक म्हातारा शिंकला आणि ठेका चुकला. मास्तरांच्या कपाळाची शीर ताठ झाली...

पण वीणा गळ्यात होती.

मुलगी बाहेर गेली. कौसल्याबाई तिच्यामागे धावल्या, तर स्वयंपाकाच्या चुलाणावरच्या ठकूबाईंनी त्यांना पंगतीत ओढले.

“बस गं माय. ताट निवायलंय.”

“अहो, पण वैजू...”

“पोरगी काय नदी पिऊन टाकती का? बस म्हणते ना.”

कौसल्याबाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा उठू लागल्या तेव्हा ठकूबाईंनी त्यांच्या खांद्यावर तळहात दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने आमटी वाढली.

चार वाजले. पुढचा पहारा हैबतीचा होता.

हैबती धनगर. मेंढरे नदीच्या पात्रात सोडून, पाय धुऊन, घोंगडी बाहेर काढून ठेवून तो आला. त्याचा आवाज फाटका, आणि ठेका त्याला कधीच सापडला नाही. आदल्या वर्षी मास्तर त्याला सर्वांसमोर म्हणाले होते, “हैबती, तू नाम घेतोस की मेंढरे हाकतोस?” त्यावर तो म्हणाला होता, “मग मेंढरंबी तरतील की, मास्तर.” आणि सगळा मांडव हसला होता.

हैबतीने मास्तरांच्या पायांवर डोके ठेवले आणि वीणेसाठी हात पुढे केले.

मास्तरांनी मानेनेच नकार दिला.

 हैबतीने बुवांकडे पाहिले. बुवांनी काहीच खूण केली नाही. तो उठून बाहेर गेला आणि घोंगडी खांद्यावर टाकून नदीकडे निघाला.

तासभर गेला. मास्तरांचा सूर उतरू लागला. उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर आली होती, पण त्यांना सरकता येईना. मुलगी दिसत नव्हती. नाम घेता घेता त्यांचे ओठ मधूनच थांबत, मान दाराकडे वळे, आणि मग ते घाईने पुढचे नाम पकडत.

साडेपाचच्या सुमारास त्यांचा तोल गेला. वीणा कलली. तिचा भोपळा जमिनीपासून वीतभर राहिला...

टाळ थबकले. 

बुवा उठले. ऐंशीच्या पुढचे ते शरीर इतक्या वेगाने उठलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. त्यांनी भोपळ्याखाली आपला तळहात धरला.

“सोड.”

गळ्यात वीणा असताना मास्तर प्रथमच नामावाचून दुसरे काही बोलले. “बुवा, खंड पडेल...”

“धरून ठेवलीस तर पडेल.”

मास्तरांची बोटे दांडीवर इतकी आवळली होती की बुवांना ती एकेक करून सोडवावी लागली. लहान मुलाच्या मुठीतून खडा काढून घ्यावा, तशी. मग बुवांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. मी नाम धरले. टाळ पुन्हा सुरू झाले.

मास्तर मटकन खाली बसले. पण बसवेना. लटपटत उठून ते मांडवाच्या नदीकडच्या उघड्या बाजूला गेले. बुवा त्यांच्या मागे गेले. मी उभा होतो तिथून सारे दिसत होते, ऐकूही येत होते. पण वीणा माझ्या गळ्यात होती.

खाली वाळूत हैबतीची मेंढरे पांगली होती. त्यांच्यामधून वैजयंती पळत होती. या कोकरामागे, मग त्या, मग दगड उचलून पाण्यात, मग पुन्हा तिसऱ्याच कोकरामागे. फ्रॉक बुक्क्याने काळा झालेला, वेण्या सुटलेल्या. हैबती दहा पावले मागून चालत होता. तिला हाक मारत नव्हता, थांबवत नव्हता. फक्त ती पाण्याकडे वळली की तो काठी टेकत तिच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन उभा राही, आणि ती आपोआप दुसरीकडे वळे.

काठावर कौसल्याबाई बसल्या होत्या. त्यांनी गुडघ्यावर डोके टेकले होते... त्यांना झोप लागली होती.

मास्तर बराच वेळ पाहत राहिले. 

मग एकाएकी त्यांनी सदरा सारखा केला, घसा साफ केला, आणि वर्गात हाक मारावी तशी हाक मारली, “वैजू! पुरे झाले. त्यांना त्रास देऊ नकोस. हैबती, आण तिला इकडे, मी आलो आहे.”

आणि ते उताराकडे निघाले.

बुवांनी त्यांचे मनगट धरले. उजवे...

“थांब, श्रीपती. हैबतीचा पहारा अजून संपलेला नाही.”