हात आणि चिठ्ठी

ग्रामसभेत लोक गप्प का बसतात, यावर शर्वाणी घोलप संशोधन करत होत्या. अनुदान समितीच्या बैठकीत मंत्री दौलतराव म्हणाले, "लोक कसे वागतात ते मला तोंडपाठ आहे. यांचं अनुदान बंद करू. कोणाची हरकत असेल तर हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. शर्वाणीबाई मात्र हटल्या नाहीत.

"साहेब, हेच मत नाव न लिहिता चिठ्ठीवर घेऊ या."

मंत्र्यांनी हसत होकार दिला. चिठ्ठ्या उघडल्या, तर एक सोडून सगळ्यांनी 'अनुदान चालू ठेवा' असं लिहिलेलं. मंत्री सदस्यांकडे बघतच राहिले.

"तोंडपाठ असेल, तर असं का झालं तेवढं सांगा," शर्वाणीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी संशोधन थांबवते."

मंत्र्यांनी मंजुरीची सही केली.